खान्देशातल्या लॉ कॉलेजात प्लेसमेंट कशी करायची? अनुभवी मंडळींची मदत हवी

वाघूर | सोमवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातल्या एका विधी महाविद्यालयात मी शिकवते. चार वर्षांपासून प्लेसमेंट सेलचं कामही माझ्याकडे आहे. त्याला वेगळी खोली नाही, वेगळा माणूस नाही. स्टाफरूममधलं एक कपाट, एक रजिस्टर आणि माझा मोबाइल, एवढ्यावर सेल चालतो. तास संपले की मी फोन घेऊन बसते.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी कंपन्या कॉलेजच्या दारात येतात, आमच्याकडे येत नाहीत. मुंबईची मोठी फर्म कधीतरी येईल म्हणून वाट बघण्यात मला अर्थही वाटत नाही. आमचा मुलगा यावलहून, पारोळ्याहून, एरंडोलहून एसटीने येतो. घरातला पहिलाच वकील. ओळखीचा सिनियर नाही, आडनावाला कोर्टात ओळख नाही. ज्याच्या काकाचं ऑफिस आहे त्याचं माझ्यावाचून अडत नाही. सेल आहे तो ज्याला काका नाही त्याच्यासाठी, असं मी मानते.

अडचण अशी की कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला माहिती देताना प्लेसमेंटच्या रकान्यात नियुक्तिपत्रं जोडावी लागतात, आणि सिनियर वकिलाच्या हाताखालच्या ज्युनियरशिपला नियुक्तिपत्र कुठून आणणार? विमा विकायला गेलेला आमचा विद्यार्थी कागदावर 'प्लेस' होतो. रोज साडेदहाला कोर्टात उभा राहणारा मात्र बेरोजगार दिसतो.

गेल्या आठवड्यात अशाच एका मुलाचे वडील आले होते. मुलगा आठ महिने एका सिनियरकडे जातोय, पैसे एकही नाही. ते माझ्यासमोर टोपी हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, पोऱ्या रोज कोट घालीसन जास, पन पगार कवय येई?" पगार कधी येणार, याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या सिनियरकडे त्याला मीच पाठवलं होतं.

म्हणून विचारते. ज्युनियरशिपला प्लेसमेंट धरायचं का? धरायचं तर स्टायपेंडचं बोलणं कॉलेजने करावं का, आणि कसं? कोर्टाशिवाय जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांत आणखी कुठे दारं ठोठवावीत? वकील, नोकरदार, पालक, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा.

पांझरा | सोमवार, रात्री ११:३५

मॅडम, धुळ्यात बावीस वर्षं वकिली करतोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. चांगल्या ऑफिसातली ज्युनियरशिप हीच आपल्याकडची खरी प्लेसमेंट आहे.

पैशांबद्दल मनापासून सांगतो. माझ्या सिनियरनी मला काम भरपूर दिलं, पैसा दिला नाही. मीही माझ्या पहिल्या दोन ज्युनियरना काही दिलं नाही. 'आम्ही असंच शिकलो' हे वाक्य मीही बोललोय. त्यातली दुसरी मुलगी फार हुशार होती. एक दिवस ती बँकेच्या क्लार्कचा फॉर्म भरताना दिसली. खोलीभाडं थकलं होतं. ती गेली आणि माझं ऑफिस सहा महिने मागे पडलं. तेव्हापासून देतो. सध्या आठ हजार देतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरी भागात २०,०००, ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि मी अजून तिथवर पोहोचलो नाही. पण आकडा आता कागदावर आहे. बोलणी शून्यापासून सुरू करायची गरज उरली नाही.

ज्युनियर स्वतःचे पैसे कसे वसूल करून देतो, ते पाहा. मागच्या वर्षी एक कापूस व्यापारी न वटलेला चेक घेऊन आला. मी दुसऱ्या कोर्टात उलटतपासात अडकलेलो. ज्युनियर मुलीने बँकेचा मेमो हातात घेऊन आधी तारीख पाहिली. मेमो मिळाल्यापासून नोटिशीला तीस दिवस असतात, तो सत्ताविसावा दिवस होता. पक्षकाराला चहा पाजून बसवून ठेवलं, नोटीस टाइप केली, मला मधल्या सुट्टीत वाचायला दिली आणि पोस्ट बंद व्हायच्या आत रजिस्टर करून पावती फाइलला टाचली. पैसे द्यायचे पुढचे पंधरा दिवस आणि त्यानंतरचा फिर्यादीचा एक महिना, दोन्ही तारखा तिच्या डायरीत लाल पेनाने लिहिलेल्या होत्या. ते प्रकरण चेक न वटण्याच्या कलम १३८ खाली उभं राहिलं ते तिच्यामुळे. अशा माणसाला फुकट ठेवणं अन्याय आहे.

एक विनंती. सिनियरशी बोलायला बार रूममध्ये सकाळी अकराला जाऊ नका. चार जणांसमोर कोणीही 'बघू' म्हणतो. संध्याकाळी सहानंतर ऑफिसला जा. आणि मुलाला सोबत नेऊ नका, त्याच्यासमोर त्याचा दर ठरू नये.

शेवटचं सेम | मंगळवार, सकाळी ७:२०

मॅडम, सर, मी तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआर आणि लीगल मिळून बावीस हजारांची नोकरी मिळतेय. पण मला न्यायाधीश व्हायचंय. दोन वर्षं नोकरी करून पैसे साठवावेत आणि मग जेएमएफसीचा, म्हणजे कनिष्ठ स्तरावरच्या न्यायाधीशाच्या परीक्षेचा, अभ्यास करावा, असं घरचे म्हणतात. वकिलीची सनद काढून ठेवली की ती वर्षं वकिलीत मोजली जातील ना?

पांझरा | मंगळवार, सकाळी ८:०५

नाही बेटा, इथे चूक होऊ देऊ नकोस. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही. तसं कळवून सनद स्थगित करावी लागते. आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ती वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून धरतात. दाखला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा लागतो आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता लागते. न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही त्यात धरतात. कंपनीतली दोन वर्षं धरली जाणार नाहीत.

ज्याच्याकडे जाशील त्याच्या वकीलपत्रावर तुझं नाव येतंय का, हे पहिल्या महिन्यापासून बघ. तीन वर्षं बॅग उचलली आणि एकाही वकीलपत्रावर नाव नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत.

चोपडेकर | मंगळवार, दुपारी १:१५

मूळचा चोपड्याचा, बारा वर्षं पुण्यात एका उत्पादन कंपनीच्या लीगलमध्ये. पांझरा सरांचा आदर राखून थोडं वेगळं बोलतो.

ज्याच्या घरी शेतीवर कर्ज आहे, पाठीमागे बहिणीचं शिक्षण आहे, त्याला 'आधी तीन वर्षं तप कर' सांगणं सोपं नाही. मी नोकरी घेतली कारण मला पहिल्या महिन्यापासून घरी पैसे पाठवायचे होते. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. सेलने मुलाला दोन्ही रस्ते मोकळेपणाने दाखवावेत: या रस्त्याने गेलास तर न्यायाधीशपद इतकं लांब जाईल, त्या रस्त्याने गेलास तर घरात इतके दिवस पैसे येणार नाहीत. निवड त्याची. पण माहिती शेवटच्या सेमिस्टरला नको, पहिल्या वर्षी द्या.

आता कामाचं. दरवर्षी खान्देशातून माझ्याकडे बायोडेटा येतात. सगळ्यांत तेच वाक्य, 'मेहनती आणि प्रामाणिक', खाली मूट कोर्टची, म्हणजे सराव खटल्यांची, प्रमाणपत्रं. मला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी मुलाने स्वतः लिहिलेले तीन कागद पाठवा: एक नोटीस, एक दाव्याचा मसुदा आणि एका जमिनीच्या मालकीचा सर्च रिपोर्ट. नावं खोडून पाठवा. मी दहा मिनिटांत सांगेन मुलगा कामाचा आहे का.

आणि मराठीची लाज बाळगू नका. आमच्याकडे मोठ्या शहरांतली फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं येतात, पण सातबारा समोर ठेवला की गप्प. प्लांटसाठी जमीन घेताना भोगवटादार वर्ग दोन म्हणजे काय, महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ मुळे आदिवासींची जमीन परवानगीशिवाय का घेता येत नाही, हे ज्याला कळतं तो माणूस कंपनीला हवा असतो. आपल्या मुलांना हे घरातून माहीत असतं. फक्त ते ज्ञान आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. इंग्रजी सहा महिन्यांत सुधारतं. मी रविवारी ऑनलाइन सराव मुलाखती घ्यायला तयार आहे.

गिरणाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

सातबाराचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी एका सहकारी पतसंस्थेत विधी आणि वसुली बघतो. वाघूर मॅडम, हे दार तुमच्या यादीत आहे का? आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांनी काय काय पाहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. अडकलेल्या ठेवींसाठी ठेवीदार अजून फेऱ्या मारतात. जिथे कर्ज देताना कागद नीट वाचले गेले नाहीत, तिथे वसुलीच्या वेळी हात रिकामे राहिले. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचे अर्ज करणं, जप्तीचे कागद करणं, सहकार न्यायालयातल्या तारखा सांभाळणं, याला सतत माणूस लागतो. आम्ही तो ओळखीतूनच शोधतो, कारण कॉलेजातून कधी कोणी आलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा चार आठवड्यांच्या इंटर्नशिपला आला. मी त्याला एका तारण जमिनीची फाइल दिली. पॅनेलवरच्या वकिलांचा सर्च रिपोर्ट आधीच आला होता, सगळं ठीक. मुलगा म्हणाला, मला फेरफार वाचून बघू द्या. तलाठी कार्यालयात जाऊन त्याने जुना वारस फेरफार काढला. त्यात वडिलांच्या मागे तीन भावांची नावं होती. त्याने गावात सहज विचारलं, तर दोन बहिणीही होत्या, सासरी नांदणाऱ्या. फेरफारात त्यांची नोंद नाही आणि हक्कसोड पत्रही नाही. म्हणजे तारण ठेवणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचं जे क्षेत्र आम्ही धरलं होतं, ते तेवढं नव्हतंच. कर्ज थांबवलं. त्या मुलाला आम्ही निकालाच्या दुसऱ्या दिवशी फोन केला. आज तो आमच्याकडेच आहे.

तोरणमाळ | बुधवार, सकाळी ६:५०

मी नंदुरबारची. धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरून शिकले. आज सहायक लोक अभिरक्षक म्हणून काम करते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीचा बचाव करायला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाखाली ही कार्यालयं आहेत, नाल्साच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, २०२२ च्या योजनेतून. मुख्य लोक अभिरक्षकाला दहा वर्षांचा अनुभव लागतो, उपमुख्यला सात, पण सहायकासाठी शून्य ते तीन वर्षंवाले चालतात. कंत्राटी आहे, खासगी केस घेता येत नाही. पण दरमहा मानधन येतं आणि पहिल्या दिवसापासून कोर्टात उभं राहायला मिळतं. कोठडीतल्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलणारं कोणीतरी असणं म्हणजे काय असतं, ते मी रोज बघते. जाहिरात आली की शेवटची तारीख लवकर निघून जाते. सेलने या जाहिरातींवर दर आठवड्याला लक्ष ठेवावं.

माझी सुरुवात वेगळ्या ठिकाणी झाली. कॉलेजात माझ्या सरांनी बार कौन्सिलचा नियम वाचून दाखवला होता. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्यात वीस आठवडे इंटर्नशिप, आणि ती फक्त वकिलाकडेच नव्हे, सामाजिक संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, कंपनी, कुठेही. एकदा मात्र वकिलाकडे केलीच पाहिजे. मी चार आठवडे वनहक्काच्या दाव्यांवर काम केलं. एका आजोबांचा दावा 'पुरावा नाही' म्हणून परत आला होता. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होते, हे दाखवायचं होतं. मी त्यांना पावरी बोलीत विचारलं, फॉरेस्टवाल्यांनी कधी दंड केला होता का? ते आत गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. तळाशी कापडात गुंडाळलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या. इतकी वर्षं ते त्या लपवून ठेवत होते, कारण त्यांना वाटायचं तो आपल्या गुन्ह्याचा पुरावा आहे. त्याच पावत्या त्यांच्या हक्काचा पुरावा होत्या. त्या दिवशी मी ठरवलं की वकीलच व्हायचं.

मॅडम, आदिवासी मुलामुलींसाठी आणखी एक सांगा. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सनदेची फी कायद्यात लिहिली आहे तेवढीच घ्या असं सांगितलं: ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. मोठ्या रकमेच्या भीतीने माझ्या दोन मैत्रिणींनी वर्षभर सनद काढली नव्हती.

केळीबाग | बुधवार, रात्री ८:३०

मी वकील नाही. रावेर तालुक्यात केळी पिकवतो. माझी मुलगी तुमच्यासारख्याच एका कॉलेजात चौथ्या वर्षाला आहे. तिला औरंगाबाद खंडपीठात काम शिकायचंय. आपले तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात, हे तिनेच मला सांगितलं. मला मुलीची हुशारी माहीत आहे. पण अजिंठ्याच्या रस्त्याने ती एकटी जाणार, राहणार कुठे, ज्यांच्याकडे जाणार ते लोक कसे, ऑफिस रात्री किती वाजता सुटतं, हे मला कोण सांगणार? तिला विचारलं तर ती म्हणते 'पप्पा, तुम्ही काळजी नका करू'. कॉलेजातून एक फोन आला तर बापाला धीर येतो. मी नाही म्हणत नाहीये. मला फक्त कोणाशी तरी बोलायचंय.

वाघूर | बुधवार, रात्री ११:५५

केळीबाग दादा, तुमचं वाचून थांबले. चार वर्षांत मी सिनियरना फोन केले, कंपन्यांना केले. पालकांना एकदाही केला नाही. मुलीला घरचे पाठवत नाहीत, एवढं म्हणून मी रजिस्टरात रेघ मारत आले. तुमच्या मुलीला ज्या कॉलेजात शिकवतात तिथे हा सेल असेलच. नसेल तर मला इथे निरोप टाका. खंडपीठात आमच्या तीन माजी विद्यार्थिनी आहेत. त्यातली एक वसतिगृहात राहून स्थिरावली आहे. तिचं आणि ताईंचं, म्हणजे मुलीच्या आईचं, बोलणं करून देते.

बाकी सगळ्यांचं वाचून एक पत्र लिहिलंय. अर्ध्या पानाचं. सिनियरने सही करायची: अमुक तारखेपासून अमुक विद्यार्थी माझ्या ऑफिसात ज्युनियर आहे, वेळ अमुक, दरमहा इतके रुपये, वकीलपत्रावर नाव लावीन, सहा महिन्यांनी रकमेचा फेरविचार करीन. एक प्रत कॉलेजला. नॅकला काय मान्य होईल ते प्राचार्यांशी बोलून बघते, पण माझ्या रजिस्टरात हे पत्र म्हणजे प्लेसमेंट. इंटर्नशिप देणाऱ्या दहा वर्षांवरच्या सिनियरांची यादी राज्य बार कौन्सिलने करावी असं नियमात आहेच. तिची वाट न बघता आपल्या तालुक्यांची मी स्वतः करते.

पांझरा | गुरुवार, सकाळी ७:४५

रकमेची जागा कोरी सोडू नका. कोरी जागा कोरीच राहते. तिथे पेन्सिलने आकडा लिहून न्या, सिनियरला खोडून दुसरा लिहू द्या. धुळ्यातल्या पहिल्या पत्रावर माझी सही घ्या.

वाघूर | तीन आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ६:२०

उशिरा लिहितेय, परीक्षा चालू होत्या.

अकरा ऑफिसांत जाऊन आले, सहानंतरच. चौघांनी सही केली. तिघांनी 'दिवाळीनंतर' म्हटलं. दोघांनी चहा दिला आणि विषय बदलला. एका ज्येष्ठ वकिलांना राग आला. कॉलेजने आमच्या ऑफिसात नाक खुपसू नये, म्हणाले. मी ऐकून घेतलं आणि पत्र टेबलावर ठेवून आले. एकांनी सही केली नाही, पण ज्युनियरचं एसटीचं पासभाडं द्यायला लागलेत असं मुलाकडून कळलं.

गिरणाकाठ दादांच्या संस्थेत दोन मुली इंटर्नशिपला लागल्या. चोपडेकरांकडे सात जणांचे तीन-तीन कागद गेले, पाच जणांचे लाल शेरे मारून परत आले, दोघांना रविवारी बोलावलंय. 'शेवटचं सेम'ने कंपनीची नोकरी घेतली. खूप विचार करून घेतली, वडिलांच्या उपचाराचा खर्च आहे. दोन वर्षांनी परत बोलू असं त्याचं आणि माझं ठरलंय. त्याच्या नावापुढे तसं लिहून ठेवलंय.

आणि त्या टोपीवाल्या बाबांचा मुलगा. त्याच्या सिनियरकडे मी सगळ्यात शेवटी गेले, कारण मलाच भीती वाटत होती. पेन्सिलने आठ हजार लिहून नेलं होतं. त्यांनी बराच वेळ पत्र वाचलं, आठ खोडून पाच केलं आणि म्हणाले, "एक तारखेपासून. मुलगा चांगला आहे, मॅडम. मला कोणी विचारलंच नव्हतं." घरी येताना बसमधून बाबांना फोन लावला. ते शेतात होते, मोटारीचा आवाज येत होता. दोनदा सांगावं लागलं.

पारोळा, अमळनेर आणि शहादा इथल्या ऑफिसांची यादी अजून रिकामी आहे. तिथलं कोणी हे वाचत असेल तर लिहा, पुढच्या शनिवारी मी अमळनेरला येतेय.